काडेपेटीएवढं गोड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बायांनो. मध्ये हसलात की माझा धागा तुटतो, आणि ही फजिती अशी आहे की एक टाका सुटला तर सगळी उसवते.

मला लिहायला येत नाही. शाळेची पायरी बघितली ती पोरांचे डबे पोचवायला. मी सांगते आणि माझी नात निधी लिहून घेते. ती आत्तापासूनच तोंडावर हात धरून बसलीये. लिही ग, दात काढू नकोस!

तर आधी हे ऐका. आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांत लग्न असो, बारसं असो, आचाऱ्याच्या आधी मला विचारतात. "काकू, दीडशे पानं आहेत, पायसाला गूळ किती?" मी डोळे मिटते, दीडशे पानं डोळ्यांपुढं मांडते आणि सांगून टाकते. आजवर पायस कमी पडलं नाही, की दुसऱ्या दिवशी उरलेलं घेऊन कुणाला घरोघर फिरावं लागलं नाही. असा माझा अंदाज! आणि तो चुकावा कुठं? माझ्याच तोंडाशी!

झालं काय, माझे गुडघे गेले. लग्न होऊन चामराजपुरमच्या या घरात आले, त्या दिवसापासून दारातली रांगोळी माझी. पण दोन वर्षांमागं अशी वेळ आली की एकदा उकिडवी बसले तर उठवायला दोन माणसं लागायची. माझी सून माधवी शाळेत शिकवते, सकाळी तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. तिनं काय करावं? दारात रांगोळीचं स्टिकर चिकटवलं!

प्लास्टिकची रांगोळी, अय्यो! तीच चार कमळं संक्रांतीला, तीच दसऱ्याला. मळली की ओल्या फडक्यानं पुसा. समोरच्या जयम्मा रोज आपल्या दारात ताजी रांगोळी घालायच्या आणि मग माझ्या दाराकडं अशा बघायच्या, जसं काही आमच्या घरी सुतक आहे.

डॉक्टर म्हणाले, "अज्जी, पाच किलो उतरवा. उतरले तर हेच गुडघे अजून चालतील. नाहीतर ऑपरेशन. आणि एकदा ऑपरेशन झालं की उकिडवं बसायचं विसरायचं."

आता मला सांगा, रांगोळी काय उभ्यानं घालतात? मी म्हटलं, "उतरवते."

त्यांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं, काव्या नावाच्या मुलीकडं. काय खायचं, किती खायचं ते सांगणारी. निधीच्याच वयाची. ती कानडीत बोलायची, मी तुम्हाला मराठीत सांगते.

"अज्जी, गोड खाता?"

मी पंख्याकडं बघितलं.

"रोज," माधवी म्हणाली.

काव्या हसली. "एकदम बंद केलंत तर चौथ्या दिवशी चोरून खाल."

हिला कसं कळलं हो?

"त्यापेक्षा रोज एकच तुकडा खा. काडेपेटीएवढा. अंदाजानं."

"अंदाज कशाला?" मी म्हटलं. "मोजून खाते की!"

घरी आले ती थेट देवघरात. आमच्याकडं गॅसला लायटर, काडेपेटी लागते ती फक्त समईला. देवघरातली काडेपेटी उचलली. चांगली जाडजूड, हातभर नाही पण हाताचा पंजा भरेल एवढी. निधीनं दुकानातून आणलेली, एक आणली की वर्षभर बघायला नको अशी. मी ती ताटातल्या खोबऱ्याच्या वडीवर ठेवली आणि सुरीनं कडेकडेनं कापली. तसूभर इकडं नाही, तसूभर तिकडं नाही.

वडीचं ठीक आहे हो. पण पायस कसं मोजणार? मी काडेपेटी पिशवीत टाकली आणि गेले भांड्यांच्या दुकानात. म्हटलं, ही काडेपेटी जिच्यात नेमकी बसेल अशी स्टीलची डबी द्या.

दुकानदार शोधून शोधून दमला, पण मिळाली. म्हणाला, "कशाला हवी अम्मा, मसाल्याला?"

"छे, डाएटला! डॉक्टरीणबाईंनी गोडाचं माप दिलंय."

त्यानं डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अम्मा, त्यांचा पत्ता द्या. मला असे डॉक्टर का भेटत नाहीत?"

मला वाटलं, ह्याचेही गुडघे गेले असतील.

डबी आली आणि माझी सोयच झाली. नियम एकच, झाकण लागलं पाहिजे. झाकण लागलं म्हणजे माप बरोबर. आता लाडू गोल. एक ठेवला तर कोपरे रिकामे राहतात. रिकामी जागा मोजायची होय? मग लाडू फोडून दाबून बसवायचा, वर दुसरा. लोणच्याच्या बरण्या भरण्यात आयुष्य गेलंय माझं, दाबून भरायला मला शिकवायचं नाही! पुरणपोळीची घडी घालायची, घडीवर घडी, तिच्यावर घडी. पूर्ण पोळी बसायची. नीट दाबली तर दीड.

आणि हे सगळं दुपारी चारला. तेव्हा घरात कोण? माधवी शाळेत, मुलगा श्रीधर कामावर, निधी हेब्बाळला तिच्या कंपनीत. मी आणि माझी डबी.

रात्री माधवी काव्यासाठी माझं दिवसभराचं खाणं फोनमध्ये लिहायला बसायची. "आई, पोळ्या?"

"दोन."

"भात?"

"एक मूठ."

"गोड?"

"एक काडेपेटी!"

ती लिहायची, फोन हिरवा व्हायचा. हिरवा म्हणजे शाबास. मला कुणी आयुष्यात एवढं शाबास म्हटलं नव्हतं.

महिन्यानं काट्यावर उभी राहिले. दीड किलो वाढलं!

काव्यानं फोनमधली यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. "भात बंद करा. गोड राहू दे, ते एवढंसंच आहे. मनाला बरं वाटतं."

भात बंद. म्हैसुरात राहून सारू आहे आणि भात नाही! मी सारू भांड्यातून प्यायले, औषधासारखा. गोड तेवढं चालू. भात गेल्याच्या दुःखात डबी जरा जास्तच दाबली जायची, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या महिन्यात आणखी एक किलो. मग सुरू झाला तपास. श्रीधरला वाटलं, काटा बिघडलाय; तो स्वतः उभा राहिला, निधीला उभं केलं, काटा ठणठणीत. मग थायरॉईड आला. उपाशीपोटी रक्त काढलं, चार बाटल्या. सगळं चांगलं निघालं. जयम्मा म्हणाल्या, "दृष्ट लागलीये," आणि मिरच्या ओवाळून गेल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला, वजन जागेवर.

आणि इथं मी ते केलं, जे सांगताना अजून माझी मान खाली जाते.

काव्यानं विचारलं, "अज्जी, वजन वाढतंय कशानं?"

मी म्हटलं, "मी कुणाचं नाव घेत नाही बाई. पण आमच्या घरात भाजीला तेल सढळ हातानं पडतं."

माधवी माझ्या शेजारीच बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात उकडलेलं सुरू झालं. सगळ्यांना!

श्रीधर ताटाकडं बघून म्हणाला, "हे काय आहे?"

"दुधी."

"फोडणी?"

"आईंना विचारा."

फोडणी घालायचीच झाली तर ती तेलाचा चमचा माझ्यापुढं धरायची. "बघा आई, एक." मी मान हलवायची. एरवी मला हाक मारून मारून गप्पा सांगणारी पोरगी, दिवसभर चकार शब्द नाही. फक्त रात्री फोन घेऊन, "आई, गोड?"

"एक काडेपेटी."

फोन हिरवा व्हायचा, माधवीचं तोंड नाही.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता ऑपरेशनची तारीख काढू." माझ्या डोळ्यांपुढं ते स्टिकर आलं. मरेपर्यंत चार कमळं! मी काव्याच्या पाया पडायची बाकी राहिले. ती म्हणाली, "शेवटचं एक करू. एका दिवसाचं जेवण आहे तसं डब्यांत भरून आणा. मी स्वतः बघते."

नेलं. एका डब्यात दोन फुलके, दुसऱ्यात उकडलेली भाजी, तिसरी माझी डबी. त्यात खोबऱ्याची वडी, एकच, पण काठोकाठ. पुरावा म्हणून काडेपेटीही बरोबर घेतली.

काव्यानं फुलके बघितले. "छान." भाजी बघितली. "अय्यो, बिचारे तुम्ही!" मग डबी उघडली आणि तिचा चेहरा फुलला.

"अज्जी! आमच्यासाठी आणलंत? कशाला हा त्रास?"

मी "अगं..." म्हणेपर्यंत तिनं चमच्यानं एक कोपरा तोडून तोंडात टाकला. "वा!" मग बाहेर हाक मारली. बाहेरच्या टेबलावरची मुलगी आली, तिनं घेतला. ब्लडप्रेशर बघणारी बाई आली, तिनं घेतला आणि मुलाला म्हणून एक कागदात बांधला. खालचा वॉचमन वर आला. बाहेर नंबर लावून बसलेल्या एका आजोबांना दिला. ते "साकु, साकु" म्हणत होते, पुरे पुरे, तरी तिनं आग्रह करून दिला. आणि मी खुर्चीत बसून बघतेय, माझं दुपारचं गोड गावजेवणाला निघालंय!

तरी डबीत थोडं उरलंच.

काव्यानं हात पुसले. "चला, आता तुमचं गोड दाखवा."

मी पिशवीचे बंद आवळले.

"अज्जी? रोजचा तो तुकडा?"

"वाटलास की तू," मी म्हटलं.

काव्यानं डबीकडं बघितलं. "हे? हे सगळं? एका दिवसात?"

"एक काडेपेटी!" मी पिशवीतून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. खणखणीत पुरावा!

काव्यानं उदबत्तीसाठी ठेवलेली तिची काडेपेटी आणली आणि माझ्या काडेपेटीशेजारी ठेवली. दसऱ्याच्या हत्तीच्या पायाशी माहुताची चप्पल पडावी, तशी दिसत होती ती.

आता तुम्ही विचाराल, छोटी काडेपेटी तुम्हाला माहीत नव्हती का हो? माहीत होती! सत्तरी ओलांडली माझी, चुलीपासून गॅसपर्यंत आले, मला काडेपेट्या माहीत नसतील? पण त्या दिवशी देवघरातली मोठी हाताला लागली. आणि देवापुढचं जे हाताला लागतं ते देवानं दिलेलं, त्याला नाही कसं म्हणायचं? असं मी मनाला सांगितलं. मनानंही लगेच ऐकलं. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत ते माझं इतक्या पटकन ऐकत नाही.

मी माधवीकडं बघायचं टाळत होते. ती उठली. डबीत उरलेला तुकडा उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"आई," ती मराठीत म्हणाली, "ह्यात तेल सढळ हातानं पडलंय का हो?"

काव्याला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

रिक्षात बसलो. बल्लाळ सर्कल आलं, गेलं. शेवटी मीच तोंड उघडलं. "माधवी, चुकलं ग माझं."

ती बाहेर बघत म्हणाली, "किती?"

काय सांगणार? म्हटलं, "काडेपेटीएवढं."

"कुठल्या काडेपेटीएवढं?"

"मोठ्या," मी म्हटलं. "दाबून भरलेल्या."

तेव्हा कुठं ती हसली. इतकी हसली की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. त्या रात्री आमच्या घरी दुधीला फोडणी पडली. श्रीधरनं डोळे मिटून वास घेतला.

मग छोटी काडेपेटी आली. तिच्याएवढी वडी म्हणजे दाताला लागेपर्यंत संपते! पण भात परत मिळाला, स्वल्प का होईना. पाच किलो आणि वर वाढवलेले ते, असं सगळं उतरायला सात महिने लागले. डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद फाईलीत मागं सरकवला.

आता घरात माझ्या नावानं एक नवंच माप झालंय. निधी म्हणते, "पाच मिनिटांत येते." श्रीधर विचारतो, "साधी पाच, की आज्जीच्या काडेपेटीतली?"

गेल्या आठवड्यात मी ते स्टिकर खरवडून काढलं. पहाटे उठले, दाराशी पाणी शिंपडलं, कठड्याला धरून हळूच उकिडवी बसले. बसता आलं! डोळ्यांत पाणी आलं, पुसलं, म्हटलं, सुरुवात आहे, छोटीशीच घालू. सात ठिपके. मग वाटलं, सातात कमळ मोकळं दिसत नाही. नऊ केले. बाजूला वेल हवी. वेल निघाली की तिला पानं हवीत. समोर जयम्मा येऊन उभ्या राहिल्या, मग तर हात थांबेना!

निधी स्कूटर काढायला आली आणि दारातच किंचाळली, "आज्जी! अगं पायरीपासून गेटपर्यंत केवढी घातलीस! गाडी कुठून काढू मी?"

आतून माधवीचा आवाज आला.

"ओरडू नकोस ग. आईंनी काडेपेटीएवढीच घातलीये."