न मागता मिळणारं पाणी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला घरी दाढी करत होतो. “मामा, आई गेली...” एवढंच तो बोलला. शिरूरच्या एसटीत शेजारचा माणूस टक लावून बघायला लागला, तेव्हा कळलं की दाढी अर्धीच झालीय. आक्का असती तर दारातच म्हणाली असती, “हे काय ध्यान आलंय!” आता त्या घरात मला हसणारं कुणी उरलं नव्हतं.

आक्का माझी थोरली बहीण. मुलगा-सून दोघंही कंपनीत जायची, त्यामुळे नात सई दिवसभर तिच्याजवळ. सई तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, पण घरात ते कुणाला जाणवत नव्हतं. तिला तहान लागायच्या आत आक्काचा पेला पुढे यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तिचा बाप तरी कवा लवकर बोलला? आन् बोलून काय सभा गाजवायचीय? तालुक्यात बोलणारे कमी हायेत व्हय?” लस टोचताना डॉक्टर विचारायचे, “सगळं समजतं ना हिला?” उत्तर आक्काच द्यायची. पाहुणे म्हणायचे, किती गुणाची पोर, तासभर डब्यांची झाकणं ओळीनं मांडत बसते. मुलगा असता तर एखाद्यानं काळजी तरी केली असती. मुलगी गप्प असली की आपल्याकडे तिचं कौतुक होतं.

दशक्रियेला घोड नदीच्या काठी माइक होता. आक्काला कधीही न भेटलेली माणसं तिला आदर्श माता ठरवत होती. एकानं तर तिचं नाव भाषणाला उठता उठता शेजाऱ्याला विचारून घेतलं. सई कान दाबून किंचाळत होती. “आजीची आठवण येतीय लेकराला,” बायका म्हणाल्या. पुढे काही आठवडे सगळ्याचं कारण तेच. सई पाणी मागेना, बोट दाखवेना, हाक मारली तरी वळेना... दुःख म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. शेवटी सूनच म्हणाली, “मामा, हे आत्ताचं न्हाई. आई होत्या म्हणून दिसलं न्हाई.”

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सईला बराच वेळ खेळताना पाहिलं. मग विचारलं, वर्षाची असताना बोटानं काही दाखवायची का? नावाला वळून बघायची? आईबाप एकमेकांकडे बघत राहिले, मग दोघंही माझ्याकडे. याची उत्तरं आक्काजवळ होती. ‘स्वमग्नता’ हा शब्द आम्ही घरी घेऊन आलो आणि एक सूचना: लगेच हातात देऊ नका, ती मागेपर्यंत थोडं थांबा.

सध्या मी शिरूरलाच असतो, आक्काच्या खोलीत. काल दुपारी सई आली. माझ्याकडे न बघता तिनं माझं मनगट धरलं, मला खाटेपाशी नेलं आणि माझा हात आक्काच्या घडी केलेल्या गोधडीवर ठेवला. “पाणी हवंय? झोपायचंय?” काही नाही. सांगितल्याप्रमाणे मी थांबलो. तीही थांबली. मग माझा हात उचलून तिनं पुन्हा तिथंच ठेवला, या वेळी जोरात दाबून. तिला काय हवंय ते मलाही न सांगता कळलं... पण ते हातात देता येण्यासारखं नव्हतं.