पिढीतला सर्वोत्तम आणि माझी पेन्सिल

आमच्या गावातल्या डच बेसबॉल क्लबात मूल घातलं की आईबापांना काहीतरी काम अंगावर घ्यावंच लागतं. नऊ वर्षांपूर्वी मुलगी खेळायला लागली तेव्हा मला दोन पर्याय दिले गेले. कँटीनमध्ये मांसाचे क्रोकेट तळायचे, नाहीतर मोठ्यांच्या संघाचा स्कोअर लिहायचा. केकात अंडं आहे का, हे विचारून खाणारी बाई मी. मी पेन्सिल उचलली. मुलगी दोन वर्षांत कंटाळून हॉकीकडे गेली. मी मात्र अजून दर शनिवारी सायकल काढते आणि जाळीमागच्या टेबलाशी जाऊन बसते.

त्यामुळे या खेळाबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. गेल्या महिन्यात ते निकालात निघालं.

झालं असं की क्लबहाउसची भिंत नव्याने रंगवली आणि अध्यक्षांनी जाहीर केलं, इथे एकच फोटो लागेल, आपल्या या पिढीतल्या सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूचा. नावं दोनच होती. एक आमचा उंच पिचर. चेंडू जोरात फेकतो आणि बॅट हातात आली की कुंपणापार मारतो. दुसरा क्युरसाव बेटावरून आलेला, विमानतळावर सामान चढवण्याचं काम करणारा माणूस. शिफ्ट संपवून तसाच गणवेशावर येतो. मैदानावरच्या नऊपैकी सात जागांवर तो खेळलेला मी पाहिला आहे. कोणी आजारी पडलं, कोणाचं लग्न निघालं, की त्या जागी हा. मारतो, पळतो, झेलतो, फेकतो. शिवाय दुसऱ्याने फेकलेला चेंडू सुटला तर, म्हणून दर वेळी झेलणाऱ्याच्या मागे धावत जाऊन उभा राहतो. चेंडू सुटत नाही तेव्हा ते धावणं वहीत लिहायला रकानाच नसतो.

घरी मी हे सांगितलं तर नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, सिम्पल आहे. बॅटिंग प्लस बोलिंग म्हणजे ऑलराउंडर. तुझा पिचर दोन्ही करतो. डिस्कशन काय आहे यात?"

"तू नऊ वर्षांत किती सामने पाहिलेस?"

"दोन. पण लॉजिक तेच ना!"

पुण्याच्या माणसाला मत द्यायला सामना बघावा लागत नाही, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पण क्लबातली माणसं तर जन्मभर हा खेळ बघणारी. तीही तेच म्हणायला लागली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कुंपणापार गेलेला चेंडू सगळ्यांना दिसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे डच लोकांना कोणी सांगायचं?

सामन्यानंतर कॉफी पिताना बैठक झाली. क्युरसावचा तेव्हा कामावर होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये बोलले, अडले तिथे इंग्रजीत भांडले. सात जागा, इतक्या वर्षांचे सामने, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून सहा वर्षांपूर्वीचं स्कोअरबुक काढलं आणि माझ्यापुढे उघडलं.

"वरच्या श्रेणीत जाण्याचा एकच सामना आपण खेळलो. तो हरलो कोणामुळे? अक्षर तुमचंच आहे."

अक्षर माझंच होतं. शेवटच्या डावात पिचरने धावणाऱ्याला बाद करायला पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. तिथे त्या दिवशी क्युरसावचा उभा होता. चेंडू त्याच्या पुढ्यात मातीत आपटला, ग्लोव्हला लागून उडाला आणि सामना गेला. फेक वाईट असेल तर चूक फेकणाऱ्याची लिहायची असते. वहीत प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचरचा एक, पहिल्या बेसचा तीन. मी आधी एक हाच आकडा लिहिला होता. माझ्या मागे हेच अध्यक्ष उभे होते. म्हणाले, "छे, तो झेल घ्यायलाच हवा होता." मी परकी बाई, हा खेळ यांचा, यांनाच जास्त कळणार. मी एक खोडला आणि तीन लिहिला.

"ते चुकीचं आहे," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं मी."

"स्कोअररचा निर्णय अंतिम असतो, मेव्राउ," ते डचमधल्या त्या 'बाईसाहेब'वर जोर देत म्हणाले आणि सगळे हसले. मतं घेतली. पिचर जिंकला. मी कॉफी तशीच टाकून निघाले. सायकलवर बसल्या बसल्या त्यांना मराठीत जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या शनिवारी सामन्याआधी क्युरसावचा बूट बांधत बाकावर बसला होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. फोटोचं सांगितलं, मग वहीत खोडलेल्या एक आकड्याचंही सांगितलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे त्याने चिडावंच अशी माझी इच्छा होती, म्हणजे आम्ही दोघांनी मिळून अध्यक्षांना धारेवर धरलं असतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी वही बघायला आलो होतो मी. तीनच्या खालचा एक नीट पुसला गेला नव्हता."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

त्याने नाडीला दुसरी गाठ मारली आणि उठला.

"माझ्यासाठी एवढं भांडलात, त्याबद्दल आभार. पण त्या दिवशी भांडायचीही गरज नव्हती, मेव्राउ. तो एक खोडला नसतात, तरी पुरलं असतं."