तानाबाईच्या अंगात आलंच नव्हतं

चाकणच्या बाजारात त्या आठवड्यात कांद्यापेक्षा जास्त खपलेली बातमी अशी : इंद्रायणीकाठच्या आमच्या गावात, खुद्द मामलेदारसाहेबांसमोर, तानाबाईच्या अंगात देवी आली, तिनं केस मोकळे सोडले आणि सरपंचांना शाप दिला. बातमी आळंदीला पोचेस्तोवर तर तिनं विस्तवसुद्धा गिळला होता.

सगळं खोटं. तिच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे आणि त्या दिवशी पारावर मी अगदी पुढे बसलो होतो. तिनं विस्तव गिळला असता तर ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाऊ दिली असती होय मी?

खरं सांगायचं तर तानाबाई म्हणजे शेजारीण म्हणून अगदी निरुपयोगी बाई. भांडत नाही, उसनं मागत नाही, कुणाच्या सुनेबद्दल काही विचारावं तर "मला काय ठावं" म्हणून मोकळी. नवरा गेल्यापासून दिराच्या, बबनरावाच्या घरात राहते. म्हशीचं बघते, शेण्या थापते, खाली मान घालून नदीवर जाते, तशीच येते. अशा बाईविषयी गावानं बोलावं तरी काय?

मग रंगरावानं पाणवठ्याला काटे लावले.

रंगराव आमचे सरपंच. मतं मागायला दारोदार फिरत होते तेव्हा म्हणाले होते, "माजं तोंड म्हंजी तुमचंच तोंड." निवडून आल्यावर, बायका जिथं पाणी भरायच्या नेमक्या त्याच उतारावर त्यांनी आपल्या उसासाठी तेलाचं इंजिन बसवलं आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता बायकांनी स्मशानाला वळसा घालून खडकातनं उतरायचं. पुतळाबाई भरल्या घागरीसकट घसरली आणि पाय मोडून घरी पडली. गाव हळहळलं, पण हळू आवाजात.

कारण आमच्याकडे मोठ्यानं खरं बोलायच्या वाटा तीनच. एक शिमगा. त्या दिवशी रंगरावाच्या दारात जाऊन त्याच्याच नावानं बोंब मारा, तो हसून गूळ देतो. दुसरी दारू. पण ती सरकारनं बंद केलीय, म्हणजे निदान पिऊन आरडाओरडा करणं तरी. तिसरी वाट अंगात येण्याची. अंगात आलेली बाई भल्याभल्यांना अरे-तुरे करते आणि ते हात जोडून ऐकतात. मेख एवढीच, की या तिन्हीत बोलणारा आपण स्वतः नसतो. साध्या बुधवारी, शुद्धीवर, आपल्या तोंडानं आपलं गाऱ्हाणं बोलायची सोय नाही.

तर असाच एक साधा बुधवार होता. मामलेदार पंचायतीच्या पाहणीला आले होते. हार झाला, चहा झाला. रंगराव म्हणाले, "गाव समाधानी हाय, सायेब. पाण्याची तर काळजीच न्हाई." साहेब उठता उठता सवयीनं म्हणाले, "कुणाची काही तक्रार?"

"पाणवठ्याला काटं घातल्यात. पुतळीचा पाय मोडला. ते बी सांगा की सायबास्नी."

बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला होता. मी तंबाखू मळत होतो, ती तळहातावरच राहिली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता आणि नव्हताही. इतका मोठा मी तो कधी ऐकलाच नव्हता.

साहेब परत बसले, पेन उघडलं. "कोण बोललं?"

रंगराव हसले. मान्य करायला हवं, माणूस हुशार. "मनावर घेऊ नका, सायेब. तानाबाई हाय ती. तिच्या अंगात येतं. धर्माजी, बघ रं जरा."

धर्माजी आमचा देवऋषी. तो कडुनिंबाचा डहाळा आणि धूप घेऊन धावला. तेवढ्यात रंगराव मागं सरकले, बबनरावाच्या कानाशी. शेजारीच मी बसलेलो, त्यामुळे मला ऐकावंच लागलं.

"देवी बोलली म्हनू दे तिला. मी खणानारळानं ओटी भरतो, मिटलं. न्हाईतर उद्यापास्नं तुजी गाडी आनू नगंस."

बबनरावाची बैलगाडी रंगरावाच्याच ठेक्यावर पिंपरीच्या कारखान्याच्या बांधकामाला दगड वाहते. तिच्यावर त्याची चूल, आणि त्याच चुलीवर तानाबाईची भाकरी. तो उठून तिच्याजवळ गेला.

"वैनी, पाया पडतो. म्हना देवी व्हती. पोरं हायेत माजी."

घोळक्यातली ठकुबाई दबक्या आवाजात म्हणाली, "घुम की गं जराशी! दोनदा मान फिरीव. देवीला कोन काय म्हनतंय?"

हे सगळं साहेबांना दिसत होतं. ते सावकाश म्हणाले, "हे पाहा, देवीची तक्रार मला लिहून घेता येत नाही. शुद्धीवरच्या माणसाची असेल, तर लिहीन आणि काटे कुणी लावले तेही बघेन."

झालं! म्हणजे देवी बोलली म्हटलं तर गाडी वाचते, पण काटे राहतात. मीच बोलले म्हटलं तर काटे निघतील कदाचित. चूल मात्र नक्की विझते.

"कोन हायेस तू?" धर्माजी ओरडला आणि डहाळा तिच्या डोक्यावर आपटला. "कुठल्या ठाण्याची? बोल!"

तिचा पदर पडला, बुचडा सुटला. सगळा पार पुढे वाकला. मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होतो, घुम गं बाई, घुम, कशाला उगाच. तिनं एकदा बबनरावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

तानाबाईनं धर्माजीच्या हातातला डहाळा बाजूला सारला. केस गोळा करून बुचडा घट्ट बांधला, पदर डोक्यावर घेतला आणि साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, "बाई, देवी बोलली की तुम्ही?"

"देवीला कुठं घागर उचलावी लागती, सायेब? मीच बोलले. लिवा."