पिवळ्या टीशर्टातले आठ जण

अहो, असे दारात का उभे? जवळ या. पोलिसांच्या गोष्टी ऐकायच्या आणि पोलिसालाच बिचकायचं, हे बरं नाही. बसा. एक केस अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, ती सांगते. मी शिपाई म्हणून लागले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. लिहायला कुणी शिकवलं नाही, पंचनामे लिहून लिहून हात बसला. चुकलं तर सांभाळून घ्या.

खोपटला एस.टी. डेपोजवळ एका काकांची उसाच्या रसाची गाडी होती. रविवारी दुपारी त्यांना मारहाण झाली. कारण काय, तर रसात बर्फच जास्त. गाडी उलटवली, काकांचा हात मोडला. फिर्यादीत ते म्हणाले, पिवळ्या टीशर्टवाले सात-आठ जण होते, सगळ्यांनी मिळून मारलं. मी तसंच लिहून घेतलं. पाच किंवा जास्त माणसं आली की बेकायदा जमाव होतो, कलमं वाढतात. कॅमेऱ्यात बघितलं तर नुसत्या पिवळ्या पाठी.

संध्याकाळी खबऱ्याने सांगितलं, ते टीशर्ट वर्तकनगरच्या एका कॉलनीतल्या क्रिकेट टीमचे. सकाळी आठही जण स्टेशनला आणले. एकेकाला वेगळं बसवून विचारलं. "मी होतो, पण मारलं नाही," हे वाक्य आठ वेळा ऐकलं. मग कोणी मारलं, असं विचारलं की सगळे फरशी बघायचे. टीमची दोस्ती ना!

त्यातला एक जण एस.टी.त ड्रायव्हर म्हणून निवडला गेला होता. त्याचा मामाही एस.टी.त ड्रायव्हर. ड्युटीवरून तसाच, सोबत एका कंडक्टरला घेऊन आलेला. मामा हळूच म्हणाला, "मॅडम, त्याला वडील नाहीत. गुरुवारी हजर व्हायचंय. गुन्ह्यात नाव आलं की चारित्र्य पडताळणीतच खेळ संपला."

मी म्हटलं, हे त्याला काल आठवायला हवं होतं. कडकच बोलले. अटकेचे कागद लिहायला घेतलेले.

तेवढ्यात काका पुरवणी जबाबाला आले, हात प्लास्टरमध्ये. माझ्या साध्या वेशातल्या हवालदाराने त्यांना चहा दिला. काका खोलीभर नजर फिरवून कुजबुजले, "मॅडम, सहा-सहा पोलीस समोर बसवलेत, मला बोलायलाच सुचत नाही."

मी वर बघितलं. खाकीत सहा जण होते खरे, पण त्यातले दोघे मामा आणि कंडक्टर. आणि चहा देणारा हवालदार चेक्सच्या शर्टात, तो काकांच्या हिशेबातच नव्हता. काकांनी माणसं मोजलीच नव्हती, खाकी मोजली होती. माझा पेन तिथेच थांबला. काल त्यांनी पिवळा मोजला, आणि मी तो शाई लावून पक्का केला.

सगळ्यांना बाहेर काढलं. "काका, टीशर्ट विसरा. फक्त हात आठवा. कुठला हात काय करत होता?"

काकांनी डोळे मिटले. एका हातात ऊस होता, त्याने मारलं. दुसऱ्याच एका पोराने गाडी ढकलली. मग चांगला हात स्वतःच्या काखेकडे नेला.

"एक जण काखेत हात घालून मला उठवत होता," ते म्हणाले. "पिवळाच होता की तो."

"त्याने मारलं?"

"नाही हो. त्यानेच तर त्या ऊसवाल्याला मागे लोटलं."

आठांना पुन्हा बोलावलं. ऊस कोणी उचलला, गाडी कोणी ढकलली, एवढंच विचारलं. आता मात्र बाकीचे बोलले. पुढे ओळख परेडमध्येही काकांनी त्याच दोघांवर बोट ठेवलं. आणि काकांना उठवणारा, पोरांनीच सांगितलं, मामाचा भाचा होता. हे ऐकल्यावर मामा आभार मानायला थांबला नाही. नळावर तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आता चहा चालेल." मलाही तेव्हाच भूक लागली बघा.

त्यानंतर मी हाताखालच्या पोरींना सांगायचे, आधी विचारा कोणी काय केलं. किती जण होते, ते शेवटी. घाबरलेला माणूस खोटं बोलत नाही, पण नजर जिथे अडकते तेवढंच मोजतो. आणि लिहून घेणाऱ्याची नजर तरी कुठे मोकळी असते?

परवा खोपटला बसमध्ये चढले, तर ड्रायव्हरने, म्हणजे त्याच भाच्याने, मागे वळून हाक मारली, "मॅडम, आज किती पोलीस दिसतात?" खाकी छान दिसते त्याला.

ही भेट कागदावरची झाली, आता खरंच या घरी. दाराबाहेर पुरुषांच्या चपलांचे चार जोड दिसतील, म्हणून परत फिरू नका. ते चोरांनी मोजावेत म्हणून ठेवलेत. आत मी एकटीच असते.