ठिकाणाचा रकाना

मी वाडी सोडली त्या दिवशी ताम्हिणीकडून येणारी एसटी पाऊण तास उशिरा आली, म्हणून आईला आणि मला फाट्यावर उभं राहून बोलायला वेळ मिळाला. एरवी आम्ही दोघी गप्पा मारत बसणाऱ्यातल्या नाही. ऑगस्ट होता. ढाब्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. वडील दुसऱ्याच्या भातात तण काढायला, बेणणीला गेले होते. त्यांनी सकाळीच "जा" म्हणून सांगून टाकलं होतं.

मला पुण्यात फार्मसीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या कातकरवाडीत बारावी झालेली मी दुसरी, आणि बारावीनंतर पुढे शिकायला बस पकडणारी पहिली. आई ओरडून म्हणाली, "तितं मास्तर सांगत्याल ते समदं लिवून घे. काय बी सोडू नगंस."

गाडी आली. कंडक्टरने विचारलं, "मावशी, तुमी बी येताय का?"

"मला आता शिकवून काय करताय? हिला न्या."

गाडीतली माणसं हसली. मी रडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

हे मी वाडीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे बाहेर पडून नांदे, पिरंगुट, हिंजवडी अशा ठिकाणी खोल्या घेऊन राहतात त्यांच्यासाठीही. यंदा मी जे केलं त्यावरून दोन्हीकडे बोललं जातंय. काही म्हणतात, शिकली आणि माजली. काही म्हणतात, आधी वाडीचं सगळं बाहेर नेऊन दिलं आणि आता साळसूद झाली. दुसऱ्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून आधी तेच सांगते.

माझी आई बुधीबाई औषध देते. वाडीत देते आणि खालच्या गावांतही देते. तिथल्या ज्या घरांत आम्हाला अजून ओट्याखालीच उभं करतात, त्याच घरांतली माणसं पोर आजारी पडलं की आमच्या दारात येऊन बसतात. आई त्यांना आत बोलावते. औषधाचे पैसे घेत नाही. देण्याआधी स्वतः चाखते. आणि आजार हाताबाहेरचा दिसला की "हे माज्याकडचं न्हाई, दवाखान्यात न्या" असं सांगते, आणि नुसतं सांगून थांबत नाही, गाडी मिळाली का तेही बघते.

पोटात आव पडली तर ती कुड्याची साल देते. कुडे दोन, पांढरा आणि काळा. औषधाचा तो पांढरा. फुलं दोघांचीही पांढरी, चीकही दोघांचा पांढरा. मी सात-आठ वर्षांची असताना आईने दोन्ही साली मला चावायला दिल्या. पहिलीने काही झालं नाही. दुसरी इतकी कडू की मी थुंकत थुंकत ओढ्यापर्यंत पळाले.

"जो चावून पळालीस त्यो पांढरा," आई मागून म्हणाली. "आता जल्मात चुकायची न्हाईस."

खरंच चुकले नाही. पुढे कॉलेजात या दोन साली ओळखायला एक अख्खं प्रॅक्टिकल होतं. बाकीची मुलं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसली होती. मी सरांची पाठ वळल्यावर तुकडा जिभेला लावला आणि पाच मिनिटांत मोकळी झाले.

साल काढायचा आमच्याकडे नियम आहे. झाडाच्या एकाच अंगाची, तळहाताएवढी काढायची. ती जागा भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावायचा नाही. त्यामुळे एक-दोन झाडं पुरत नाहीत. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एका उतारावर आमच्या बायकांनी राखलेले कुडे होते. कोणत्या झाडाची साल कुणी आणि कधी काढली, हे त्यांना पाठ असायचं. वही नव्हती.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. आमचे सर चांगले होते. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना खलनायक ठरवेल. इंग्रजीत नापास होणार म्हणून मी रडत होते, तेव्हा त्यांनी सहा महिने रोज संध्याकाळी अर्धा तास समोर बसवून माझ्याकडून वाचून घेतलं. हॉस्टेलची जागा त्यांच्या शब्दामुळे मिळाली. तेच म्हणाले, "सुमन, तुझ्या घरात खजिना आहे. तो लिही."

त्याआधी हॉस्टेलमध्ये कुणी विचारलं तर मी "आई शेती करते" असं सांगायचे. आमच्याकडे शेती नाही. माझ्या घरातल्या गोष्टीला मार्क मिळू शकतात, हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि मी हावऱ्यासारखी लिहीत सुटले. निर्गुडी, अडुळसा, भारंगी, कुडा. कशाचा पाला, कशाचं मूळ, कधी काढायचं, काय पथ्य पाळायचं. शेवटी नकाशाही हाताने काढला. फाटा, ओढा, शेंदूर लावलेला दगड, आणि तिथून किती पावलांवर उतार. सरांनी सांगितलं होतं की ठिकाण अचूक हवं. मी अचूक दिलं.

आईचं नाव मात्र दिलं नाही. नमुन्यात होतं तसं आभाराच्या पानावर "स्थानिक माहितगार महिला" असं टाकलं. घरी जाऊन ते पान अंगणात मोठ्याने वाचूनही दाखवलं. शेजारच्या मंगळी काकूने विचारलं, "ही महिला कोण?" मी म्हणाले, "आई." सगळ्या हसल्या. मीही हसले.

प्रोजेक्टला पहिला नंबर आला. कॉलेजने तो वेबसाइटवर टाकला. मी ती लिंक मैत्रिणींना पाठवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात एक पिकअप आली. कोण होते ते अजून कळलेलं नाही. ते कुणाला काही न विचारता थेट उतारावर गेले आणि बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत, चारी बाजूंनी, सगळ्या झाडांची साल सोलून घेऊन गेले. माझ्याच नकाशावरून आले असा पुरावा माझ्याकडे नाही. पण काकू लाकडं घेऊन येत होती, तिने त्यांच्यातल्या एकाच्या मोबाईलात शेंदराचा दगड पाहिला. फोटो नव्हता. पेनाने काढलेलं चित्र होतं.

साल गोल काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. पुढचा पावसाळा संपता संपता उतार वाळून गेला.

आई मला एक शब्दही बोलली नाही. मी सुट्टीत आले आणि दारात बसलेल्या आजाऱ्याकडे बघून नेहमीसारखं विचारलं, "आई, याला काय देतेस गं?"

"दवाखान्यात जा म्हनावं."

"अगं, मी माहिती म्हणून विचारतेय."

"तू लिवतीस."

बस्स, एवढंच. त्यानंतर फोनवर जेवलीस का, पाऊस हाय का, याच्या पलीकडे ती गेली नाही. वाडीतल्या दुसऱ्या मुलींना ती पाला दाखवत असायची, आणि मी जवळ गेले की विषय बदलायचा. मी मनातल्या मनात भांडायचे, तूच तर म्हणालीस सगळं लिहून घे! मग एक दिवस लक्षात आलं, ती म्हणाली होती, तितं सांगत्याल ते लिवून घे. हितलं लिव असं ती कधीच म्हणाली नव्हती.

आता मी हिंजवडीत एका औषध कंपनीच्या डॉक्युमेंटेशन विभागात आहे आणि नांद्यात भाड्याने राहते. माझं काम म्हणजे नोंदी तपासणं. नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. हे काम मला आवडतं आणि मी ते चोख करते. खिडकीतून अजून दोन शेतं दिसतात, पलीकडे तिसऱ्या टॉवरचं काम चालू आहे. डब्याच्या वेळी ऑफिसातले लोक आपुलकीने म्हणतात, "तुमच्या लोकांकडे एवढं नॉलेज आहे, ते डॉक्युमेंट व्हायला पाहिजे, नाहीतर नष्ट होईल." आधी मी मान हलवायचे. आता हलवत नाही. आमचं शहाणपण लिहिलेलं नव्हतं तोवर उतार हिरवा होता. जे गेलं ते लिहिल्यावर गेलं, आणि लिहिणारी मीच होते.

यंदा सरांचा फोन आला. मोठा प्रकल्प मिळाला होता, तालुक्यातल्या औषधी वनस्पतींची नोंद, त्यासाठी खास अ‍ॅप. "सुरुवात तुझ्या वाडीपासून करू. तू सोबत असलीस की बायका बोलतील." सरांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी हो म्हणाले आणि आईला कळवलं. ती म्हणाली, "येऊ दे की."

रविवारी शाळेच्या ओसरीवर आठ-दहा बायका जमल्या. सरांबरोबर निखिल नावाचा एक तरुण होता, हातात टॅब. मुलगा नम्र होता, चपला काढून खाली बसला.

"मावशी, तुमचं नाव?" त्याने आईला विचारलं.

"कशाला? मागच्या बारीला लागलं न्हाई."

"तवा ती महिला हुती," मंगळी काकू म्हणाली. "आता बढती झाली व्हय गं बुधे?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. निखिल काही न कळून हसला. मी खाली बघत होते. त्याने टॅबवर कुड्याचा फोटो दाखवला. "हा तुमच्याकडे कुठे मिळतो?"

आई म्हणाली, "माज्या लेकीला इचारा. तिला रस्ता लई झाक काढता येतो."

ओसरीवर कुणी हसलं नाही. सरांनी मात्र माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यांना वाटलं, आई मुलीची स्तुती करते आहे.

त्या नजरेनेच मला उठवलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, हे कौतुक नाही." मग पिकअपचं, मोबाईलातल्या चित्राचं, वाळलेल्या उताराचं सगळं सांगितलं. सरांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. तिथेच थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. म्हणाले, "नोंद करायची तर बाईचं पूर्ण नाव लिहायचं. ती नको म्हणेल ते लिहायचं नाही. ठिकाण कुठेही द्यायचं नाही. आणि माझा जुना नकाशा काढून टाका."

निखिल हळूच म्हणाला, "मॅडम, ठिकाण कंपल्सरी आहे. तो रकाना भरल्याशिवाय अ‍ॅप पुढे जात नाही."

"नाही गेलं तर नाही गेलं."

"अगं, नोंद झाली तर या झाडांना संरक्षणच मिळेल," सर म्हणाले. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुमच्यावर आहे, सर. तुमच्यानंतर ते कोण उघडून वाचेल, त्याच्यावर नाही."

"तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, सुमन."

हे वाक्य लागलं. अजून लागतं. मी आज जी आहे ती सरांमुळे आहे, आणि हे मी कुठेही सांगेन. पण मिळालेल्या शिक्षणाची परतफेड म्हणून आईच्या झाडांचा पत्ता द्यायचा, असं कुठे ठरलं होतं? आभार मानायचे तर ते माझ्या वाट्यातून मानीन, तिच्या वाट्यातून नाही. सरांची जीप निघाली तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. रकाना रिकामाच राहिला. नकाशा दोन आठवड्यांनी वेबसाइटवरून निघाला. बाकीच्या अटींचं काय, यावर "बघतो" एवढंच उत्तर आलेलं आहे.

धूळ खाली बसल्यावर काकू म्हणाली, "पोरगी बोलली गं बुधे!"

"बोलली," आई म्हणाली. "पर आवाज शेळीवानी."

त्या दिवशी तेवढंच. मला वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती चुलीकडे गेली.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. आईने कोयता घेतला आणि म्हणाली, "चल." वाळलेल्या उताराच्या कडेने आम्ही वर चढलो आणि डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरलो. चार वर्षं ती मला रानात घेऊन गेली नव्हती. तिथे काय आहे ते तिने दाखवलं आणि त्याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या. मी मनात घोकत राहिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी घाबरायचे तशी घाबरले, कारण हाताशी कागद नव्हता आणि मला तो नकोही होता. "पुन्हा एकदा सांग," मी म्हणाले.

"किती येळा? इसरलीस तर परत ये. मी हाय की हितं."

बाहेर पडलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, घराबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे. घर म्हणजे माती, घर म्हणजे आठवण, असं काय काय. मला त्यातलं आता काही पटत नाही. आठवण तर मोबाईलातही राहते. ज्या गोष्टी कुणाच्या तोंडून ऐकायला पायांनी जावं लागतं, त्या जिथे आहेत ते माझं घर. माझा पगार हिंजवडीचा, माझी खोली आणि माझं आधार कार्ड नांद्याचं आहे, आणि त्याची मला लाज नाही. पण त्या तीन गोष्टी नांद्यात नाहीत, कॉलेजात नाहीत, आणि या लेखातही नाहीत. कुणाला हव्या असतील त्याने वाडीत यावं, बुधीबाईच्या दारात बसावं, ती सांगेल तर ऐकावं.

त्या तिन्हींतली एक मी विसरले आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने जाणार आहे.