एकसंध फळी

माझे दाजी मारुतराव यांना आजवर एकाही दुकानदारानं फसवलेलं नाही. फसायला आधी वस्तू विकत घ्यावी लागते आणि दाजी सहसा तिथवर पोचत नाहीत. फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा वही भरली, कंपन्यांची तुलना झाली, आणि दोन उन्हाळे माझी थोरली बहीण सुंदराक्का माठातलं पाणी प्यायली. "सस्ता रोए बार बार," हे दाजींचं आवडतं वाक्य. महागातलं त्यांना परवडत नाही, म्हणून रडायची पाळी अक्कावर येते.

माणूस वाईट नाही. परभणीहून सुरतेला आला, बमरोलीच्या लूमखात्यात तीस वर्षं मास्टर होता, म्हणजे माग बंद पडला की ज्याला हाक मारायची तो. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. पण तिथं शेठ डोक्यावर उभा असायचा, म्हणून निर्णय पटकन व्हायचा. घरी शेठ नव्हता.

अक्कानं सुरतेकडे एकच गोष्ट मागितली, हिंचका, म्हणजे आपला झोपाळा. इथं तो घरोघरी असतो. भाड्याच्या खोलीत जागा नव्हती तेव्हा ती शेजारच्या लीलाबेनच्या हिंचक्यावर घटकाभर टेकायची, आणि त्यांच्या घरचं कुणी आलं की चटकन उठायची. तिचं ते उठणं मी पाहिलंय. अजून आठवलं की माझं डोकं तापतं. पुढे गोडादऱ्यात स्वतःचं घर झालं तेव्हा दाजींनी स्लॅब भरतानाच ओसरीत दोन मजबूत कड्या सोडून घेतल्या. त्याला अकरा वर्षं झाली. एका कडीला छत्री लटकते, दुसरीला कांद्याची पिशवी. बाजारातले हिंचके सगळे पाहून झाले. कुठं प्लाय चिकटवलेला, कुठं तीन पट्ट्यांचा जोड. "फळी एकसंध पाहिजे," दाजी म्हणायचे. "जोडावर माणूस बसवायचं नसतं."

मागच्या गणपतीत वादळ झालं आणि सोसायटीच्या मोकळ्या जागेतला जुना कडुनिंब आडवा झाला. फांद्या लोकांनी नेल्या. खोड दाजींनी मागून घेतलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, सरळसोट. दाजींनी त्यावर हात फिरवला आणि अक्काला हाक मारली, "ये, तुझा हिंचका बघ." अक्का हसली. तिला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

माझा टेम्पो आहे. मी म्हणालो, "दाजी, उद्या सकाळी लातीवर नेऊ. लाकडाची वखार आहे, मोठी करवत आहे, तासाभरात फळ्या पडतील."

"त्याला काय पडलंय माझ्या लाकडाचं? वाकडी मारून देईल. मीच पाडीन."

निवृत्त झाल्यापासून त्यांना लाकडाचा नाद लागलेला. पोळपाट, चौरंग असलं काहीबाही करायचे. त्यात मोबाइलवर त्यांना चेनसॉ मिल दिसली. ही एक लोखंडी चौकट. चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला बसवायची, खोडावर शिडी आडवी ठेवून तिच्यावरून सरकवायची, की झाड पडलं तिथंच फळी निघते. मोठ्या मिलची गरज नाही. झालं, वही उघडली.

आणि खरं सांगतो, त्यांचं एकही म्हणणं चूक नव्हतं. सगळ्यांत स्वस्त चौकट होती, ती नुसती एका बाजूनं धरायची. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघाली असती. तिच्या वरची बरी होती, पण साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी वीस इंची, त्यातले तीन-चार इंच चौकटीच्या पकडीतच जायचे. उरलेल्यात दोन फुटांचं खोड मावत नाही. मोठी पट्टी घ्यावी तर मशीन दमदार हवी, ती आवाक्याबाहेर. शिवाय साखळी वेगळी. आडवं कापायच्या साखळीनं उभं लाकूड चिरलं तर मशीन तापते, फळीवर ओरखडे येतात. हे सगळं त्यांनी मला टेम्पोत बसून समजावलं, पुन्हा पुन्हा. मी म्हणायचो, "दाजी, लाती," आणि ते माझ्याकडे बघायचे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी मनात म्हणायचो. तोंडावर म्हणायला हवं होतं.

मोकळ्या जागेतल्या खोडाची बडदास्त मात्र चोख. खाली विटा, वर ताडपत्री, चिरा पडू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना रंग. थंडीत अक्का त्याच खोडावर बसून वालपापडी सोलायची. "हाच माझा हिंचका," म्हणायची. "हालत नाही तेवढंच."

माघात दाजींचं निवडणं एकदाचं झालं. रुंद तोंडाची चौकट, मध्यम किमतीची, आणि सुरतेजवळच्या सचिन गावात कुणाकडे तरी जुनी दमदार चेनसॉ मिळत होती. मी म्हटलं, सुटलो. पण दाजींनी मागणी नोंदवली नाही. "होळीचा सेल लागतो. पंधरा दिवसांनी भाव उतरेल."

भाव उतरला, मागणी गेली. माल होळीनंतर येणार होता. होळीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं सचिनला चेनसॉ बघायला गेलो. तिन्हीसांजेला परतलो तर मोकळ्या जागेत होळी रचलेली आणि मधोमध आमचं खोड, रंगवलेलं तोंड वर करून. बाजूला विटा आणि ताडपत्रीची घडी.

दाजी जागच्या जागी थांबले. सोसायटीतली पोरं हसत होती, त्यांचा म्होरक्या प्रवीण नारळ घेऊन उभा. होळीत गेलेलं लाकूड परत मागायचं नसतं. तरुणपणी गावात दाजींनी स्वतः सावकाराची बाज पळवून होळीत टाकली होती आणि ती गोष्ट दर शिमग्याला आम्हाला ऐकवली होती. होळी पेटली. अक्कानं पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, पाण्याची धार धरून फेरी घातली. कडुनिंब हळूहळू जळत राहिला.

सकाळी खोड धुमसतच होतं. आमच्याकडे होळीच्या विस्तवावर पाणी तापवून अंघोळ करतात. अक्कानं घमेल्यातून निखारे आणले, बंब पेटवला, दाजींना पाणी काढून दिलं. ते न्हाणीत गेले.

मी स्वयंपाकघरात तणतणत होतो. "त्या प्रवीणला सोडणार नाही मी!"

"त्याला काही म्हणू नको, छगन. त्यानं विचारलं व्हतं. 'काकी, आ थडियुं होळीमां लई जईए?' हे खोड होळीत नेऊ का म्हनून. मीच म्हन्ले, न्या."

मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो.

"संक्रांतीनंतर डॉक्टरकडं गेले व्हते लीलाबेनसंगं. दोन्ही गुडघे गेलेत. झोका घ्यायला पाय रेटावा लागतो, तो आता होत नाही. हिंचक्यावर बसायचं नाही, डॉक्टर म्हन्ले."

"दाजींना सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? दवाखान्याची वही उघडली असती." तिनं घमेल्यातले उरलेले निखारे चिमट्यानं सारले. "मला फळी नव्हती पाहिजे रे. बसायचं व्हतं."

चौथ्या दिवशी चौकट आली. वरातीमागून घोडं. दाजींनी यादीप्रमाणे एकेक स्क्रू मोजून घेतला. "माल चांगला आहे," म्हणाले. परत करायला दहा दिवसांची मुदत होती. ठेवावी की परत करावी, याचा विचार करण्यात मुदत गेली.

अक्काची शपथ आहे म्हणून मी गप्प आहे. परवा मी अक्काकडे बसलो होतो, तेव्हा बाहेरून दाजींचा फोन आला. बमरोलीला रस्त्याच्या कामात मोठा शिरीष पाडलाय, खोड चांगलं वाटतंय, टेम्पो घेऊन येतोस का? मी अक्काकडे पाहिलं. ती पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती.

"जा," ती म्हणाली. "नीट निवडून आणा म्हणावं."