मालिनीताईंनी वगळलेला जंगलाचा तुकडा

मालिनीताईंना मी प्रथम पाहिलं ते पेडण्याजवळच्या एका देवराईत. किंदळाच्या खोडाला कान लावून त्या उभ्या होत्या. मी नमस्कार केला, तर म्हणाल्या, "थांब गे जरा. आतून पोखरलाय काय बघते." वनस्पतिशास्त्राच्या एवढ्या नावाजलेल्या प्राध्यापिका अशा भेटतील, असं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी मला झाडांच्या मोजणीवर घेतलं.

कारखाने हवेत सोडतात त्या कार्बनच्या भरपाईसाठी जंगलांनी साठवलेला कार्बन आता बाजारात विकता येतो. डिचोलीकडच्या एका बंद खाणीवर वाढवलेलं रान असंच विक्रीला निघालं होतं. त्यातली जिवंत झाडं किती, हे ताईंनी ठरवायचं होतं. ताई या विक्रीच्या योजनेच्या बाजूच्याच होत्या. रान राखणाऱ्या गावाला त्याचं मोल मिळायलाच हवं, असं त्या तळमळीने सांगत.

भर दुपारी आम्ही आत शिरलो. थोडं पुढे जाताच पक्षी नाही, किडा नाही, पानही हलत नव्हतं. टेप घेऊन मी पुढे होते. समोरच्या झाडांमागून ताईंची हाक आली, "सुजाता, हांगा ये." मी पाऊल उचललं, तोच मागून खांद्यावर हात पडला. ताई माझ्या मागे होत्या.

"ओ देऊ नको," त्या हळूच म्हणाल्या. "ती मी न्हय."

त्यांनी माझ्यापुढे काठी टेकली. पाचोळा ढासळला आणि खाली खाणीच्या खड्ड्यातलं काळं पाणी दिसलं.

त्या भागातली झाडं केव्हाच मेली होती. बाहेरून दिसत होता तो त्यांच्यावर चढलेल्या वेलींचा हिरवेपणा. ताईंनी तो तुकडा मोजणीतून वगळला. योजनेचे साहेब चिडले. "उपग्रहाच्या चित्रात सगळं हिरवं आहे, मॅडम!"

"चला, दाखवते," ताई म्हणाल्या.

साहेब हट्टाने एकटेच पुढे गेले आणि पांढरेफटक होऊन परतले. "मॅडम, मला हाक मारलीत?"

"नाही."

त्यांनी नकाशावरच्या त्या तुकड्यावर काट मारली. विक्री झाली, पण तेवढ्या कमी रानाची; गावाला पैसेही कमी मिळाले. गावातले लोक कित्येक महिने ताईंशी बोलले नाहीत. त्या मात्र त्या वगळलेल्या तुकड्यात देशी रोपं लावत राहिल्या.

ती हाक ऐकली त्या दिवसापासून मला ताप येऊ लागला होता. ताई रोज घरी येऊन स्वतःच्या हातांनी पेज भरवीत. "ते काय होतं?" मी विचारलं. "ठाऊक नाही. म्हणून अहवालात लिहिलं नाही."

आज पंचाहत्तरीतही त्या रोपांकडे ताई एकट्या जातात. उशीर का झाला विचारलं, तर "बोलत बसले होते" म्हणतात. कुणाशी, ते सांगत नाहीत. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. शिष्यांचा हट्ट एवढाच, की यापुढे तिथे जाताना त्यांनी आमच्यापैकी कुणाला तरी सोबत न्यावं.